सातव्या रिळातली सनई

मी आयुष्यात एकही सिनेमा काढला नाही, पण बदलले मात्र पुष्कळ. कुणाला विचारून नव्हे. दिग्दर्शक मुंबईला नाहीतर कोल्हापूरला आणि मी शेवगावच्या बाजारतळावर तंबूत, विचारणार कुणाला? त्यांनी जो सिनेमा काढला तो त्यांच्याच गावात राहिला असेल. आमच्या नगर जिल्ह्यानं पाहिला तो मी शिवलेला.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. यात्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबूंचे तेव्हा चांगले दिवस होते. आमचा तंबू गुलाबशेठचा. गुलाबशेठनी आधी नगरला कापडाचं दुकान चालवलेलं, त्यामुळे सिनेमाकडेही ते वारानं मोजायची वस्तू म्हणूनच बघत. मी त्यांचा ऑपरेटर. आताच्या पोरांना वाटतं, ऑपरेटर म्हणजे बटण दाबून चहा प्यायला जाणारा माणूस. आमच्या मशीनला बटणच नव्हतं. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणून ज्योत पेटवायची, त्या जळतील तशा पुढे सरकवत राहायचं आणि जनरेटरनं आवाज बदलला की मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं. मशीन एकच. त्यामुळे दर रिळानंतर अंधार, आणि त्या अंधारात लोकांच्या शिव्या. त्या शिव्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यांतल्या निम्म्या जनरेटरला असत.

सिनेमा आमच्यापर्यंत यायचा तो पाच-सहा वर्षं दुनिया फिरून. आधी शहरातली थिएटरं, मग तालुक्याची, मग तंबू. पेटीवर नाव सिनेमाचं असे. आत तोच सिनेमा असेल याची हमी कुणीच देत नसे. फिल्मवर इतके ओरखडे असत की पडद्यावर बारमाही पाऊस. घरात बसून भाकरी थापणाऱ्या सासूवरसुद्धा पाऊस. फिल्म तुटली की तुटलेली टोकं कापून टाकायची, ब्लेडनं खरवडायची, उग्र वासाचं सोल्यूशन लावून जोडायची. दर जोडाला चार-सहा चित्रं कमी होत. त्यात आणखी एक गंमत अशी, की आवाज त्याच फिल्मच्या कडेला बारीक नक्षीच्या पट्टीत असतो, पण ज्या चित्राचा तो आवाज, त्याच्यापेक्षा वीस चित्रं पुढे. मशीनमध्ये दिव्याची जागा वेगळी आणि आवाजाची वेगळी, म्हणून ती सोय. पण त्यामुळे एका ठिकाणी कापलं की तोंड एकाचं राहतं आणि वाक्य दुसऱ्याचं जातं. एका सिनेमात मरणाऱ्या बापाच्या तोंडी "चहात साखर कमी आहे" हे वाक्य आलेलं मी स्वतः पाहिलं आहे. बायका तरीही रडल्या.

सगळ्यात आधी चोरीला जायची गाणी. आपल्या आधीच्या ऑपरेटरनं गाणं कापून ठेवून घेतलेलं असे, त्याच्या आधीच्यानं दुसरं. इकडे गुलाबशेठच्या फलकावर रंगानं लिहिलेलं, 'आठ गाणी, तीन मारामाऱ्या'. पब्लिक बोटांवर मोजायचं. सातच भरली की तंबूच्या कापडावर दगड. म्हणून प्रत्येक ऑपरेटरकडे सुट्या गाण्यांचा डबा असे. माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. सिनेमा मराठी, गाणं हिंदी, नायक धोतरात, गाण्यात सुटात, असं चालायचंच. पण माझी एक शिलाई अशी होती की तिचा मला अजून अभिमान वाटतो. कुठल्याशा सिनेमातून मी एका मिशीवाल्या म्हाताऱ्याचा चार फुटांचा तुकडा काढून ठेवला होता. म्हातारा खुर्चीत बसलाय आणि सावकाश डोळे मिटतोय, एवढंच. तो तुकडा लावला की पुढे कुठलंही गाणं चालतं. म्हाताऱ्याला स्वप्न पडलं, असं पब्लिक आपापसात एकमेकांना समजावून सांगे. तो म्हातारा कोण, कुठून आला, हे कधीच कुणी विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

शेवगाव आणि पाथर्डी यांच्या मधलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जायचं आहे. त्या गावच्या पाटलांनी गुलाबशेठना निरोप धाडला की यंदा भैरोबाच्या यात्रेला अमुकच मराठी सिनेमा आणा, दुसरा आणलात तर जागा मिळणार नाही. सिनेमा जुना, लेकीसुनांचा, रडका. गुलाबशेठनी तो हंगामाच्या सुरुवातीलाच मागवला आणि दीड महिना गावोगाव चालवला. त्या सिनेमाच्या सातव्या रिळात नवरीची पाठवणी होती. नवरी बैलगाडीत बसते, आई पदर डोळ्यांना लावते आणि गाणं सुरू होतं. हे गाणं म्हणजे माझ्या जिवाला घोर. त्या रिळाची कडेची भोकं फाटलेली, दर खेळाला गाणं तुटायचं. श्रीरामपूरला एका खेळात पाच वेळा तुटलं आणि नवरी काही सासरी पोहोचेना. तेव्हा मी वैतागून ते गाणंच काढलं आणि तिथल्या दुसऱ्या तंबूच्या ऑपरेटरला, फ्रान्सिसला, देऊन टाकलं. त्याच्याकडे देवादिकांचा सिनेमा होता. त्यातल्या स्वयंवराचं गाणं आधीच कुणीतरी लांबवलेलं, त्याला लग्नाचं गाणं हवंच होतं. बदल्यात त्यानं मला एका हिंदी सिनेमातलं क्लबातलं गाणं दिलं. ते मी सातव्या रिळात शिवलं. म्हणजे नवरी बैलगाडीत बसते, मिशीवाला म्हातारा डोळे मिटतो आणि पिसं लावलेली एक बाई जिन्यावरून नाचत खाली येते. पब्लिकनं म्हाताऱ्याला नवरीचा बाप ठरवून टाकलं आणि प्रश्न मिटला.

यात्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी आम्ही तंबूच्या खुंट्या ठोकत होतो. पन्नाशीचा एक माणूस नारळ घेऊन आला. डोक्याला पांढरा फेटा, काखेत फडक्यात गुंडाळलेली सनई. त्यानं चपला काढल्या, मशीनपुढे नारळ फोडला, हात जोडले आणि मला म्हणाला, "आपरेटर, सातवं रीळ नीट हाय न्हवं?"

सातव्या रिळाचं नाव काढल्यावर मी हातातली खुंटी खाली ठेवली. "का हो?"

"त्यात मी हाय."

"तुम्ही?"

"मी म्हंजी माजी सनई. नवरी जाती का न्हाई गाडीतनं, दोन कडव्यांच्या मधी. कोल्लापूरला एका वऱ्हाडासंगं गेल्तो. तितं शिनेमावाल्यांचा सनईवाला तापानं पडला हुता, मला उचलून नेलं. चाळीस सेकंद वाजवलं. त्यांच्या घड्याळावर मोजून सांगितलं मला त्यांनी, चाळीस."

त्याचं नाव तात्याबा. मग सगळा उलगडा झाला. भैरोबाच्या पालखीपुढे पहिली सनई कुणी वाजवायची, हा त्या गावातला मान. तात्याबा आणि त्याचा चुलतभाऊ महादू, दोघांची घरं तो आपलाच म्हणत. आदल्या वर्षी दोघांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या चाली वाजवल्या. पालखीच्या भोयांना पाय कुणाच्या चालीवर टाकायचा कळेना, आणि पालखी थेट जोंधळ्याच्या रानात शिरली. देव रानात गेला म्हणून पंच बसले. तात्याबा म्हणाला, माझी सनई सिनेमात आहे. महादू म्हणाला, थापा मारतोय. पाटलांनी निवाडा केला की गावात तो सिनेमा आणायचा. सनई निघाली तर मान कायमचा तात्याबाचा, नाही निघाली तर महादूचा. ज्याचा मान त्याला सुगीत गावाचं धान्य, आणि आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांच्या सुपाऱ्याही त्यालाच. तात्याबाला जमीन नव्हती. जे होतं ते काखेत होतं.

मी गुलाबशेठकडे धावलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या क्लबाच्या गाण्यात काय वाजतं सुरुवातीला?"

"क्लॅरनेट."

"मग? तीही फुंकायचीच वस्तू. आपल्या भोंग्यातून दोन्ही सारखीच ऐकू येते. कुणाला कळतंय?"

भोंग्याबद्दल ते खरं बोलत होते. मी गप्प बसलो. ती माझी पहिली चूक नव्हे, पण मला सगळ्यात जास्त बोचते ती हीच. सकाळीच तात्याबाला खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

खेळ सुरू झाला. पाटील आणि चार पंच सगळ्यांत पुढे बाजेवर. महादू आपली माणसं घेऊन डाव्या अंगाला. सहा रिळं कुणी धड पाहिली नाहीत. सातवं लागलं आणि तंबूत खोकलासुद्धा थांबला. नवरी गाडीत बसली. आईनं पदर डोळ्यांना लावला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. आणि क्लॅरनेट सुरू झाली. आमच्या भोंग्यातून ती अशी काही घुमली की मलाच क्षणभर ती सनई वाटली. चांगली मोठी, गोल फिरून येणारी, पायाला हलवणारी चाल होती ती. बाई जिन्यावरून उतरत होती, पण पंचांनी डोळे मिटून घेतलेले; ते साक्ष ऐकायला बसले होते, बाई बघायला नव्हे. पाटलांची मान डोलू लागली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "वा तात्याबा! वा रं वाघा!" फेटे उडाले. महादूनं मान खाली घातली.

आणि पडद्यावर नाचणाऱ्या बाईच्या बरोबर मधोमध एका फेट्याची काळी सावली उभी राहिली. तात्याबा प्रकाशाच्या झोतात उभा होता, दोन्ही हात वर करून.

"बंद करा! ही माजी न्हाई!"

मी झडप टाकून प्रकाश बंद केला. पाटील म्हणाले, "आरं येड्या, खाली बस. आमाला पटलंय. मान तुजाच."

"पाटील, मान द्या, न्हाईतर नका देऊ. पर ही फुंकर माजी न्हाई. ही ब्यांडवाल्याची काळी नळी हाय. माजी सनई हिच्यापरीस लई चांगली वाजली हुती!"

"मग तुजी कुटं गेली?"

सगळा तंबू मागे वळला आणि माझ्याकडे पाहू लागला. गुलाबशेठनी माईकवरून 'तांत्रिक बिघाड' असं काहीसं जाहीर केलं, पण तेवढ्यानं कुणाचं समाधान झालं नाही. शेवटी पाटलांनी मुदत दिली. पालखी परवा दुपारी. उद्याच्या खेळात सनई दाखव, नाहीतर मान महादूचा.

जिंकलेला डाव त्या माणसानं आपल्या हातानं मोडला होता. कशासाठी, तर दुसऱ्याचं वाजवणं आपल्या नावावर नको म्हणून. आणि इथे मी, वर्षानुवर्षं दुसऱ्याचं गाणं दुसऱ्याच्या नावावर खपवून वर शिलाईचा अभिमान बाळगणारा! मला माझीच लाज वाटली. मी त्याला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. मला वाटलं, सनई माझ्या डोक्यात घालेल. त्यानं एवढंच विचारलं, "मग कुटं हाय ती आता?"

"श्रीरामपूरला."

"चला मग. पयल्या यष्टीनं."

एसटीत तो सनई मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं सनई वरच्या फळीवर ठेवायला सांगितली, तर उभ्यानं येईन म्हणाला. नेवाशाच्या पुढे एकदम मला विचारलं, "ती नवरी रडती का वो माज्या वाजवण्यावर?" मी म्हणालो, रडते. खरं तर मला आठवत नव्हतं.

फ्रान्सिसचा तंबू रेल्वे फाटकापलीकडे होता. रविवार असल्यामुळे तो चर्चमधून येऊन, हात स्वच्छ धुऊन, देवांची रिळं मऊ फडक्यानं पुसत बसला होता. एवढ्या निगुतीनं फिल्म सांभाळणारा दुसरा ऑपरेटर मी पाहिला नाही. मी गाणं परत मागताच तो कळवळला.

"अरे, चार दिवसांत पब्लिकला आवडलंय ते! देवाच्या लग्नात बैलगाडी आली, तर लोक म्हणतात, त्या काळी बैलगाड्याच होत्या. आता मी देवाचं लग्न कशावर लावू?"

"माझ्या डब्यातलं कुठलंही गाणं घे."

त्यानं डब्यातलं एक अंगाईगीत उजेडाकडे धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाला, "हे चालेल. पण याच्यासोबत तो झोपणारा म्हातारा दे."

खोटं कशाला बोलू, मी विचारात पडलो. म्हातारा म्हणजे माझी सगळी पुंजी होती. तात्याबा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. "कोन म्हातारा? कुनाचा म्हातारा? आवो आपरेटर, देऊन टाका की!"

रात्रीच रिळातून उसवून डब्यात ठेवलेला म्हातारा मी दिला. पुढच्या हंगामात फ्रान्सिसच्या तंबूत ऐन स्वयंवरात एक मिशीवाला म्हातारा डोळे मिटायला लागला, आणि मागे अंगाई. तो कुठला तरी ऋषी आहे असं लोकांनी ठरवलं, हे मला नंतर कळलं.

गाणं हातात आल्यावर तात्याबा म्हणाला, "ह्यात मी कुटं हाय ते दावा." मी फिल्म उजेडात धरली आणि कडेची बारीक नक्षीची पट्टी दाखवली. "हा तुमचा आवाज." त्यानं नख न लागेल असं बोट त्या पट्टीवरून फिरवलं. थोडं पुढे जाऊन बोट थांबलं. तिथे जोड होता.

"हितं मी थांबलो न्हवतो," तो म्हणाला.

पुन्हा पुढे. पुन्हा जोड. "हितंबी न्हवतो थांबलो."

चाळीस सेकंद म्हणजे साठ फूट फिल्म. मी हातानं मोजली. जोड वगळून तात्याबाची सनई नऊ फूट उरली होती, तीही चार तुकड्यांत. म्हणजे सहा सेकंद. बाकीची एक्कावन्न फूट वेगवेगळ्या गावांच्या मातीत गेलेली. त्यातली दहाएक फूट तरी मीच ब्लेडनं कापून पायाखाली टाकलेली होती. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सहा तर सहा. माजी हाय ना!"

संध्याकाळी सातवं रीळ लागलं. नवरी गाडीत बसली, पहिलं कडवं झालं, फिल्म तुटेल म्हणून माझी नजर भोकांवर. आणि सनई आली. भोंग्यातून ती वंगण नसलेल्या रहाटासारखी कुरकुरली, चार ठिकाणी उडाली आणि गेली. पुढचं कडवं सुरू झालं.

"झालं?" पाटलांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"आरं, मी तंबाकूची डबी उघडस्तवर संपलं!"

डाव्या अंगाला महादू उभा राहिला. तो म्हणाला, "वाजवनारा तात्याबाच हाय. त्यो सूर वर नेताना मधीच असा मोडतो, ही खोड आमच्या घरात त्येलाच हाय. माज्या चुलत्यानं मारून मारून सुटली न्हाई ती." एवढं बोलून तो तंबूबाहेर गेला.

मान तात्याबाचा झाला. मला रडू आलं, आणि मी ते कार्बनच्या धुरावर ढकललं.

सिनेमात गोष्ट इथे संपली असती. पण गाव होतं, आणि गावाला देव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच देवळात जमले. पालखीपुढे कुठली चाल वाजवायची, असा प्रश्न पाटलांनीच काढला. तात्याबाची सिनेमातली चाल वाजावी हे रास्त, पण पहिल्या दिवशी ऐकलेली ती दुसरी चाल गावाच्या पायात बसली होती. यात्रेतली माणसं जिलब्या खातखात ती गुणगुणत होती. मग कौल लावायचं ठरलं. कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय.

पाटलांनी देवाला आधी तात्याबाची चाल म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. पण सहा सेकंदांच्या चार तुकड्यांतलं ते काय म्हणणार! सुरू करेपर्यंत संपे. तात्याबा म्हणाला, मी अख्खी वाजवून दाखवतो. पाटील म्हणाले, "तू आत्ता मनचं रचून वाजवशील. पडद्यावर जेवडं हाय, तेवडंच धरायचं." अर्धा तास एकही पाकळी हलली नाही. मग पाटलांनी गळा साफ केला आणि हात जोडून, डोळे मिटून, भैरोबासमोर ते क्लबातलं गाणं गुणगुणलं. उजवी पाकळी टपकन पडली.

"आवो पाटील," तात्याबा कळवळून म्हणाला, "त्याच्यावर बाई नाचती! पिसं लावून!"

"देवळाचं तोंड तंबूकडं न्हाई. देवानं बाई बघितलीच न्हाई. त्यानं नुसतं ऐकलंय, आन् त्याला आवडलंय. आता देवापरीस तू शाना?"

मान घ्यायचा तर चाल ती वाजवायची, नाहीतर महादू वाजवायला तयार होता. तात्याबानं देवळाच्या पायरीवर बसून सनईचं फडकं सोडलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "लावा ती नळी."

भर सकाळी उन्हात तंबूत चित्र काही दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. मी क्लबाचं गाणं सात वेळा लावलं. तिसऱ्या वेळी त्यानं सनई ओठाला लावली. सहाव्या वेळी नळीवाल्याची एक चूक दाखवली. सातव्या वेळी तो त्याच्या पुढे गेला होता. दुपारी पालखी निघाली. पुढे तात्याबा, मागे गुलाल, आणि भोयांचे पाय त्या क्लबातल्या चालीवर असे काही पडू लागले की पालखी आयुष्यात पहिल्यांदा सरळ रस्त्यानं गेली. गुलाबशेठ माझ्या कानात म्हणाले, "बघ, माल खपला."

यात्रा उठल्यावर मी तात्याबाला म्हणालो, ती नऊ फूट फिल्म कापून तुम्हाला देतो, तुमच्याजवळ राहील. तो म्हणाला, "नगं. ती नवरी त्याच्यावरच सासरी जाती. ऱ्हाऊ द्या." सिनेमा वितरकाकडे परत गेला, तिथून आणखी कुठल्या तंबूत. त्या नऊ फुटांचं पुढे काय झालं हे मला ठाऊक आहे म्हणायला हरकत नाही, कारण आमचा धंदा मला ठाऊक आहे.

मग दुष्काळ पडला, तंबू बसले, मी नगरच्या पक्क्या थिएटरात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी सहज म्हणून त्या यात्रेला गेलो. पालखी निघाली. पुढे तात्याबाचा मुलगा सनई वाजवत होता, आणि चाल तीच. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाला मी विचारलं, ही चाल कुठली हो? त्यानं माझ्या अज्ञानाची कीव केली. "भैरोबाची चाल हाय ही. पार पांडवांच्या येळंपासनं वाजती. दुसरी वाजली तर पालखी उचलत न्हाई."

तात्याबा देवळामागे ओसरीवर बसला होता. दात गेलेले, त्यामुळे सनई सुटलेली. मला ओळखलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणालो, "तात्याबा, तुमची ती कोल्हापूरची चाल एकदा गुणगुणा. अख्खी, चाळीस सेकंदांची."

त्यानं डोळे मिटले, मांडीवर बोटं ठेवली आणि सुरू केलं. पहिली ओळ अनोळखी होती. दुसऱ्या ओळीत बोटं वळली आणि क्लबाच्या जिन्यावरून खाली उतरू लागली. तो थांबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच गेली.

"न्हाई येत," तो म्हणाला. "लग्नात बी मानसं म्हनायची, शिनेमातली वाजव. शिनेमातली म्हंजी ती. वाजवून वाजवून हिच ऱ्हायली." मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "आवो पर आपरेटर, तुमी तर दीड म्हैना रोज लावत हुता ती! तुमाला याद असंल. तुमी म्हना, मी वळखतो."

मी तोंड उघडलं. चाळीस खेळ तरी मी ते गाणं पडद्यावर लावलं होतं. दर वेळी त्या जागेला मी फिल्मची भोकं बघत होतो, आता तुटेल का मग तुटेल म्हणून. ती सनई मी एकदाही कान देऊन ऐकली नव्हती.